येरेवानमधली २८ किलोंची पोथी

आर्मेनियाला जाणारे बहुतेक जण डोंगर आणि मठ बघायला जातात. मला ओढ होती ती पोथ्यांची. येरेवान शहरातला माश्तोत्स रस्ता चढत चढत जिथे संपतो, तिथे करड्या बेसॉल्ट दगडाची एक भारदस्त इमारत आहे. हेच मातेनादारान, हस्तलिखितांचं भांडार. इथे सुमारे २३ हजार हस्तलिखितं जपलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक आर्मेनियन आहेत.

इमारतीच्या पायथ्याशी मेस्रोप माश्तोत्स यांचा पुतळा आहे, आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसलेला शिष्य कोर्युन. परंपरेप्रमाणे ३०१ साली आर्मेनियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रार्थना चालत ग्रीक आणि सिरियाक भाषांत. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्यातलं अक्षर कळत नसे. त्यातच ३८७ मध्ये रोम आणि इराणने या देशाची वाटणी करून घेतली. अशा वेळी, ४०५ च्या सुमारास, माश्तोत्स यांनी ३६ अक्षरांची लिपी घडवली. ४२८ मध्ये आर्मेनियाचं राज्यच बुडालं, तेव्हा ही लिपी जेमतेम पंचविशीच्या आतली होती. पुढे बायझंटाइन, अरब, सेल्जुक, मंगोल, ऑटोमन, इराणी असे किती धनी आले आणि गेले! मधली दोन अक्षरांची भर सोडली तर लिपी तीच राहिली. शाळकरी मुलं पुतळ्यामागच्या दगडात कोरलेली अक्षरं बोटाने गिरवत होती, ती त्यांना सहज वाचता येत होती.

आत गेल्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो मुशच्या पोथीपाशी. मुश हे गाव आज पूर्व तुर्कस्तानात आहे. १२०० ते १२०२ या काळात चामड्यावर लिहिलेला हा प्रवचनांचा संग्रह. वजन सुमारे २८ किलो. एकेका पानासाठी एक वासरू, अशी कातडी लागली असणार. पोथी पुरी होते न होते तोच सेल्जुक स्वारीत ती लुटली गेली. मुशजवळच्या मठातल्या लोकांनी गावोगाव फिरून ४,००० नाणी जमवली आणि ती सोडवून आणली. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नसणार, हे लक्षात आलं आणि मी त्या काचेपुढून हललोच नाही. स्वतःला न वाचता येणाऱ्या पोथीसाठी घरातलं नाणं काढून देणारी माणसं!

त्यानंतर सातशे वर्षं पोथी त्या मठात राहिली. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांच्या कत्तली सुरू झाल्या. जीव घेऊन पळणाऱ्या दोन बायकांना ओस पडलेल्या मठात ही पोथी सापडली. एकीला उचलणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी तिचे दोन भाग केले. एक भाग एच्मियाद्झिनच्या धर्मपीठापर्यंत पोचला, दुसरा एर्झुरूममध्ये जमिनीत पुरला गेला. पुढे रशियन सैन्यातल्या एका अधिकाऱ्याच्या हाती तो लागला, तिफ्लिसमार्गे (आजचं तिबिलिसी) इकडे आला आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र झाले. शेजारी १४३४ सालचं एक चर्चचं पंचांग ठेवलं आहे, वजन अवघं १९ ग्रॅम. हा शेजार ज्याने कुणी ठरवला, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी मग पुष्पिकांबद्दल सांगितलं, म्हणजे पोथी संपल्यावर लेखनिकाने लिहिलेला शेवटचा मजकूर. आपलं नाव, आईबापांची नावं, त्या वर्षीचा दुष्काळ, जवळ आलेलं सैन्य, गारठा, चुकांबद्दल क्षमा आणि वाचणाऱ्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी ही विनंती. लुटून नेलेल्या पोथीला ते ‘कैदेत पडलेली’ म्हणत, आणि दाम मोजून परत आणली की ‘सोडवून आणली’ असं लिहीत. इतिहासकारांना इथल्या शतकांची कितीतरी माहिती याच मजकुरांतून मिळाली आहे. माझ्या मते या भांडारातलं सर्वांत मोलाचं लेखन हेच. चित्रं देखणी आहेतच. त्यांतला लाल रंग अरारातच्या खाऱ्या मैदानातल्या एका किड्यापासून काढत, आणि तो अजून ताजा दिसतो. ग्रीक लेखक युसेबियसच्या ‘क्रॉनिकल’ या इतिहासग्रंथासारखी काही पुस्तकं मूळ भाषेत नष्ट झाली, पण आर्मेनियन भाषांतरात टिकली, हेही तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी खोर विराप मठात गेलो. आर्मेनियाच्या राजाला ख्रिस्ती करणाऱ्या संत ग्रेगोरी यांना त्याआधी जिथे डांबलं होतं त्या खड्ड्यात लोखंडी शिडीने उतरता येतं. बाहेर आलं की समोर ५,१३७ मीटर उंचीचा अरारात. प्रत्येक दुकानाच्या पाटीवर, देशाच्या राजचिन्हावर हाच पर्वत, पण तो आहे तुर्कस्तानात, आणि ती सीमा १९९३ मध्ये बंद झाली.

येरेवानमधल्या त्सित्सेर्नाकाबेर्दच्या, म्हणजे १९१५ च्या कत्तलींच्या स्मारकावर मात्र फार लिहवत नाही. ज्योतीभोवती आत झुकलेले बारा प्रचंड शिलाखंड, बाजूला ४४ मीटर उंच सुळका. २४ एप्रिल १९१५ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये लेखक, वकील, शिक्षक पकडले गेले. गावोगावची लोकगीतं गोळा करणारे संगीतकार कोमितास त्यांत होते. ते जिवंत परतले, पण मनाने कोसळले ते कायमचे. पंधरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, असं मानलं जातं. तुर्कस्तान याला आजही वंशसंहार म्हणायला तयार नाही. बाहेर पडल्यावर तासभर आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

मी भारतातला आहे कळल्यावर मातेनादारानच्या त्या बाई पटकन म्हणाल्या होत्या, “मग मद्रास तुम्हाला माहीत असेलच!” जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक, ‘अझ्दारार’, १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं. इराणच्या शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जुल्फाच्या आर्मेनियन लोकांना उठवून इस्फहानला वसवलं, तिथून त्यांचे व्यापारी सुरत, मुंबई, मद्रास, कोलकात्यापर्यंत पसरले. मुंबईत फोर्टमध्ये १७९६ सालचं सेंट पीटर आर्मेनियन चर्च आहे, आणि शेजारच्या इमारतीचं नाव अरारात. या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

‘अझ्दारार’ काढणारे धर्मगुरू हारुत्युन श्मावोनियान मूळचे शिराझचे. थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन मुलगे गेले, त्यानंतर ते मद्रासला आले आणि त्यांनी छापखाना काढला. चेन्नईला जाणं झालं तर आर्मेनियन स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये जरूर जा, त्यांची कबर त्याच आवारात आहे.