डाइंगचा बॉयलर आणि बोअरचं पाणी

ब्रिकेट (भुसा-काडीकचरा दाबून केलेलं जळण) जास्त जायला लागली की डाइंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, पहिला संशय ब्रिकेटवाल्यावर घेतला जातो, दुसरा फायरमनवर. पाण्यावर संशय यायला ट्यूब गळावी लागते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, टॉवेल-चादरीच्या डाइंगला आणि सायझिंगला (सुताला खळ देण्याला) लावलेले बहुतेक बॉयलर एक ते पाच टनांचे (ताशी तेवढी वाफ देणारे) असतात आणि त्यांची वाट लावतं ते मुख्यतः बोअरचं जड पाणी. म्हणून या पोस्टमध्ये आगीपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलंय.

प्रकारांचं थोडक्यात. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या जमान्यात लँकेशायर बॉयलर असायचे: लांबलचक टाकी, आत दोन मोठ्या नळ्या, भोवती विटांचं बांधकाम. आता आपल्याकडे दिसतो तो तीन पासचा (धूर तीन फेऱ्या मारतो असा) स्मोक ट्यूब, म्हणजे नळ्यांतून धूर आणि नळ्यांभोवती पाणी. लाकूड-ब्रिकेट जाळायची असेल तर पुढे पाण्याच्या नळ्यांच्या भिंतींची वेगळी भट्टी जोडतात, तो कॉम्पोझिट. साखर कारखान्यात वॉटर ट्यूब: नळ्यांत पाणी, बाहेर बगॅसची आग, दाब 45 किलोपासून 110 किलोपर्यंत (चौरस सेंटिमीटरला). अग्निप्रदीपनाच्या समारंभात नारळ फुटतो तो याच्यापुढेच. फताटेवाडीच्या एनटीपीसीचे 660 मेगावॉटचे दोन संच सुपरक्रिटिकल, म्हणजे अतिउच्च दाबाचे आहेत. तिथे पाणी आणि वाफ वेगळी करणारा आपल्यासारखा ड्रमच नाही, त्यामुळे त्यावर पाण्याची पातळी दाखवणारा ग्लासही नाही. आणि स्टेंटरला (कापड ताणून सुकवणाऱ्या मशीनला) तेल तापवून देणारा थर्मिक फ्लुइड हीटर हा वाफेचा बॉयलर नव्हे, त्याला खाली लिहिलेलं ब्लोडाऊन (बॉयलरमधलं क्षाराचं पाणी सोडणं) आणि सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) काही लागू नाही.

‘नॉन-आयबीआर’ (बॉयलरच्या सरकारी नियमांबाहेरचे) म्हणून विकले जाणारे छोटे कॉइल बॉयलर 25 लिटरच्या आत पाणी मावेल असे बनवलेले असतात, म्हणून ते कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतात. पण कायद्यातून सुटले म्हणजे दाबातून सुटले नाहीत. कॉइल क्षाराने बुजली की तीही फाटतेच.

आता पाणी. आपला दगड काळा, बोअर खोल, उन्हाळ्यात टँकर कुठल्या विहिरीचा येईल सांगता येत नाही. हिशेबासाठी हार्डनेस (पाण्याचा जडपणा) 500 पीपीएम, म्हणजे लिटरला 500 मिलिग्रॅम, धरू. सॉफ्टनरमध्ये 100 लिटर रेझिन (हार्डनेस धरून ठेवणारे बारीक मणी) आहे आणि एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम हार्डनेस धरतं. म्हणजे एकूण 5000 ग्रॅम. पाण्याच्या दर लिटरला अर्धा ग्रॅम हार्डनेस, म्हणजे 10,000 लिटर पाणी झालं की रेझिन संपलं. दोन टनांचा बॉयलर पूर्ण लोडवर ताशी 2000 लिटर पितो. पाच तासांत खेळ खलास! आणि बहुतेक ठिकाणी रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन ताजं करणं) होतं ‘रोज सकाळी एकदा’. उरलेल्या शिफ्टमध्ये कच्चं पाणी थेट आत जात राहतं आणि सॉफ्टनर नुसता शोभेला उभा.

एका रिजनरेशनला या मापाच्या सॉफ्टनरला 15 किलो मीठ लागतं, ते 150 लिटर पाण्यात विरघळवून. आधी दहा मिनिटं बॅकवॉश (खालून वर उलटं पाणी), मग मिठाचं पाणी सावकाश, वीस ते तीस मिनिटं चालेल असं, मग रिन्स (साध्या पाण्याने धुणं). मीठ पाच मिनिटांत ढकलून दिलं तर ते रेझिनला न लागता गटारात जातं. रिन्स घड्याळावर बंद करायचं नाही, तपासणीवर करायचं. टेस्ट किटमधले थेंब टाकल्यावर पाणी निळं आलं तर ठीक. गुलाबी-लालसर आलं तर हार्डनेस शिल्लक आहे. ही तपासणी दर दोन तासांनी, शंभर रुपयांचंही काम नाही. मीठ नियमित देऊनही पाणी लवकर गुलाबी येतंय आणि रेझिन गंजासारखं तपकिरी दिसतंय, तर बोअरमध्ये लोह आहे. आधी ते काढायची सोय करावी लागेल, नाहीतर रेझिन बदलत बसाल.

सॉफ्टनर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी करत नाही, हे मालकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम देतो, क्षार तेवढेच राहतात. बॉयलरमधून वाफ निघून जाते, क्षार आत साठत जातात. स्मोक ट्यूब बॉयलरमध्ये टीडीएस 3500 पीपीएमच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी ब्लोडाऊन किती, याचं साधं गणित आहे: फीडचा (बॉयलरला द्यायच्या पाण्याचा) टीडीएस भागिले (मर्यादा उणे फीडचा टीडीएस). फीड 1000 असेल तर 1000 भागिले 2500, म्हणजे वाफेच्या 40 टक्के. ताशी 2000 किलो वाफेमागे 800 लिटर उकळतं पाणी बाहेर! दहा किलो दाबाच्या त्या पाण्यातली उष्णता ब्रिकेटमध्ये मोजली तर ताशी 40-45 किलो ब्रिकेट गटारात. एवढं ब्लोडाऊन कोणी मारत नाही, म्हणून मग आतलं पाणी फेसाळतं, वाफेबरोबर ओलं क्षारयुक्त पाणी लाइनमध्ये जातं आणि टॉवेलवर डाग पडले की रंगाला शिव्या बसतात.

निम्मं कंडेन्सेट (वाफ थिजून झालेलं पाणी) परत आणलं तर फीडचा टीडीएस 500 वर येतो आणि ब्लोडाऊन 330 लिटरवर. आरओ लावून फीड 100 वर आणलं तर 60 लिटर पुरतं. आरओचं बिल कोटेशनमध्ये महाग वाटतं ते ब्रिकेटच्या बिलाशेजारी ठेवून बघा. फक्त आरओचं पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्याला डोसिंग (मोजून रसायन सोडणं) लागतंच. फीडचा पीएच साडेआठ ते साडेनऊ आणि बॉयलरमधल्या पाण्याचा साडेदहा ते साडेअकरा राहिला पाहिजे.

कंडेन्सेट परत आणायचं म्हणजे गरम पाणी फुकट: फीड 6 अंशांनी गरम झालं की साधारण एक टक्का इंधन वाचतं. पण डाइंगमध्ये बंद कॉइलचंच कंडेन्सेट घ्यावं, आणि कॉइलला भोक पडलं तर तेही रंगीत येतं. परतीच्या लाइनवर एक काचेची नळी बसवा आणि रंग दिसला की ते पाणी बाहेर सोडा. साखर कारखान्यात हाच धोका साखरेचा असतो. तिथे अल्फा नॅप्थॉलची चाचणी दिवसरात्र चालते, कारण साखर आत गेली की पीएच कोसळतो.

ब्लोडाऊन मारताना दोन वॉल्व्ह असतात. बॉयलरलगतचा आधी उघडायचा आणि शेवटी बंद करायचा, मारायचं बाहेरच्यावर, झीज त्याने सोसायची. लोड कमी असताना दहा-पंधरा सेकंदांचे झटके, दिवसातून विभागून. एकदाच तीन मिनिटं उघडून ठेवलं तर गाळ निघत नाही, नुसती पातळी उतरते. वॉल्व्हवर हात असताना दुसऱ्याने ग्लासकडे बघत राहायचं, आणि मधेच फोन आला म्हणून वॉल्व्ह उघडा ठेवून जायचं नाही.

ग्लासचं नीट सांगतो, कारण बॉयलर हाऊसमध्ये सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर आणि सगळ्यात कमी लक्षही त्याच्याकडेच. त्याला तीन कॉक: वर वाफेचा, मध्ये पाण्याचा, तळाला ड्रेनचा. दर शिफ्टला असं करायचं. वाफेचा आणि पाण्याचा बंद, ड्रेन उघडा. ग्लास रिकामा झाल्यावर काही गळत राहिलं तर वरचे कॉक नीट बसत नाहीत. मग पाण्याचा उघडा: ड्रेनमधून जोरात पाणी आलं की खालची वाट मोकळी. तो बंद करून वाफेचा उघडा: वाफ आली की वरची वाट मोकळी. तोही बंद, ड्रेन बंद. आता आधी पाण्याचा कॉक उघडायचा. पाणी ग्लासभर वर चढायला हवं. मग वाफेचा उघडला की ते खाली उतरून खऱ्या पातळीला थांबतं.

पाण्याचा कॉक उघडून ग्लासमध्ये काहीच चढलं नाही, तर पाणी त्या कॉकच्याही खाली गेलंय. इथे फीड पंप चालू करायचा नाही. तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडलं की धातू झटक्यात आकसतो आणि पडलेल्या पाण्याची वाफ सोळाशे पटींकडे झेपावते. एफडी-आयडी पंखे (हवा आत ढकलणारा आणि धूर बाहेर ओढणारा) बंद, डँपर बंद, भट्टीतली आग राखेने किंवा वाळूने दाबायची किंवा बाहेर ओढायची, पाणी मारायचं नाही. सेफ्टी वॉल्व्हचा हँडल ओढायचा नाही, मेन स्टीम वॉल्व्ह धसकन उघडायचा नाही. माणसं बाहेर काढा आणि आपोआप थंड होऊ द्या. नंतर तपासणी झाल्याशिवाय पेटवू नका.

ही वेळ येऊ नये म्हणून मोब्रे असतो. आत तरंगणारा गोळा पंप चालू-बंद करतो, पाणी उतरलं की भोंगा वाजवतो, आणखी उतरलं की पंखे तोडतो. बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने: त्याच्या भांड्यात गाळ साचून गोळा अडकतो आणि पाणी उतरलं तरी गोळा वरच. म्हणून मोब्रेचा ड्रेन रोज उघडून बघायचा. उघडला की भोंगा वाजलाच पाहिजे, पंखे बंद झालेच पाहिजेत. ‘भोंग्याचा आवाज डोकं उठवतो’ म्हणून वायर काढून ठेवलेला मोब्रे ज्या बॉयलरवर दिसतो, तिथे उभं राहू नये.

डिझेल-गॅसच्या बॉयलरला ट्रिप म्हणजे आग गेली. ब्रिकेटच्या बॉयलरला नाही. पंखे थांबले तरी जाळीवर निखाऱ्यांचा ढीग धगधगत राहतो आणि वाफ बनतच राहते. लाइट गेली की हाच पेच: पंप बंद, आग चालू. त्यामुळे फीडची दुसरी सोय हवीच, जनरेटरवरचा पंप किंवा वाफेवर चालणारा इंजेक्टर. इंजेक्टर मात्र गरम पाणी ओढत नाही, त्याला थंड पाण्याची वेगळी लाइन द्या. लाइट आल्यावर आधी आयडी फॅन चालवून भट्टीतला धूर पाच मिनिटं ओढून घ्यायचा, मग एफडी. उलट केलं किंवा दार उघडून डोकावलं, तर साठलेला गॅस भडकून तोंडावर येतो. भुवया जळालेले फायरमन याच चुकीचे.

सेफ्टी वॉल्व्ह दोन असतात. साडेदहा किलोचा बॉयलर असेल तर प्रेशर स्विच नऊला पंखे तोडेल असा ठेवा, म्हणजे सेफ्टी रोज वाजणार नाही. रोज वाजणारी सेफ्टी सीटवर कचरा धरून गळायला लागते, आणि गळती थांबवायला कोणीतरी स्प्रिंग आवळतं. हा गुन्हा आहे, दुरुस्ती नव्हे. वाफेचा पाइप छताबाहेर काढलेला असावा आणि त्याच्या तळाच्या ड्रेनला बूच मारलेलं नसावं, नाहीतर पावसाचं पाणी सीटवर साठून ती गंजते. हँडलने हात-चाचणी घ्यायची तर दाब सेट प्रेशरच्या निदान 75 टक्के असताना. आतल्या भट्टीच्या बॉयलरला फ्युझिबल प्लग असतो: पाणी गेलं की त्यातला शिसं-कथलाचा मिश्रधातू वितळतो आणि वाफ आगीवर पडते. त्या जागी बोल्ट बसवलेला कुठे दिसला तर बॉयलर आधी विझवा, चौकशी नंतर.

ट्यूब कधी मारायच्या, म्हणजे ब्रशने काजळी कधी काढायची, हे धुराड्याचा थर्मामीटर सांगतो. साफसफाईनंतर जे तापमान दिसलं ते दारावर खडूने लिहून ठेवा. त्यापेक्षा 22 अंश वाढलं की एक टक्का इंधन जास्त जायला लागलं, 40-45 अंश वाढलं की ब्रश काढा. ट्यूब मारूनही तापमान उतरलं नाही तर थर काजळीचा नाही, पाण्याच्या बाजूचा क्षाराचा आहे. दुसऱ्या पासच्या तोंडाशी ट्यूबच्या टोकांना चिरा पडतात त्याही या क्षारानेच. धुराड्यातून पांढरी वाफ किंवा स्मोक बॉक्सच्या दाराशी ओल ही गळतीची पहिली खूण.

बाष्पके संचालनालयाची तपासणी वर्षाला असते, दाखला जास्तीत जास्त 12 महिन्यांचा. 1923 चा कायदा जाऊन 2025 चा नवा आला, तरी तयारी तीच: बॉयलर पूर्ण थंड, मॅनहोल-मडहोल उघडी, ट्यूब दोन्ही बाजूंनी साफ, वॉल्व्ह सोडवून लॅप केलेले (घासून नीट बसवलेले), गेज कॅलिब्रेट करून लाल खूण मारलेली. हायड्रॉलिक टेस्टला हवा पूर्ण काढून पाणी भरा. आत हवा राहिली तर ती दाबली जाते आणि काही सुटलं तर गोळीसारखं सुटतं.

दिवाळीला किंवा गड्ड्याच्या जत्रेला बॉयलर चार दिवस बंद ठेवताना एक चूक हमखास होते. दाब एक किलोच्या खाली आला की वरचा एअर व्हेंट उघडायचा राहून जातो. आत वाफ थिजते, निर्वात होतं आणि बॉयलर फीड टँकमधलं पाणी पंपातून स्वतःच ओढून घेतो. परत आल्यावर ग्लास काठोकाठ भरलेला दिसतो आणि तसाच पेटवला की मेन लाइनमध्ये पाण्याचे घण बसतात. व्हेंट उघडा ठेवा, फीडचा वॉल्व्ह हाताने बंद करा. चालू बॉयलरचा पंप थांबल्यावर फीड लाइन हाताला चटका देत असेल तर एनआरव्ही (पाणी उलटं न येऊ देणारा वॉल्व्ह) गळतोय, तोही या सुट्टीतच उतरवून घ्या. पंधरा दिवसांच्या वर बंद ठेवायचा असेल तर अर्धवट भरलेला मात्र ठेवू नका: एकतर सोडियम सल्फाइट घालून गळ्यापर्यंत भरा, नाहीतर पूर्ण रिकामा करून, सुकवून, आत चुनकळीचे ट्रे ठेवा.