हंगामाचा सण आणि तेरावा अध्याय

बाजरी घरात आली, कणसं बडवून, उफणून, पोत्यांची तोंडं शिवून झाली की आजी कोनाड्यातून पायली काढायची. पहिलं माप वेगळ्या फडक्यात बांधून ती ते कणगीच्या मागे ठेवायची. मग घरात पीठ संपलं तरी त्या गाठोड्याला हात लागायचा नाही. "ते आपलं नाही, देवाचं आहे," एवढंच ती म्हणायची. त्या गाठोड्याकडे बघून आम्हा भावंडांना कळायचं की हंगामाचा सण, चर्चमध्ये नवं पीक देवाला अर्पण करायचा दिवस, जवळ आला.

आमचं गाव राहुरी-नेवासा पट्ट्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत या भागात गावोगावी मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांची स्थानिक चर्चेस, उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच एक. 1970 साली नागपूरला सहा चर्चपंथांची मिळून उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, पाटीवरचं नाव बदललं, तरी आजीच्या तोंडी शेवटपर्यंत 'मिशन'च राहिलं. दगडी भिंती, वर पत्रे, दाराजवळ घंटा. वर्षाचे इतर रविवार सारखेच असायचे. हंगामाच्या रविवारी मात्र आत पाऊल टाकलं की ओळखीची जागा ओळखू यायची नाही. खांबांना ऊस आणि बाजरीची ताटं बांधलेली. वेदीच्या पायऱ्यांवर भोपळे, गवारीच्या जुड्या, भुईमुगाच्या शेंगा, गुळाच्या ढेपा, टोपलीत भुशावर ठेवलेली अंडी, आणि पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या. नव्या धान्याचा आणि ओल्या शेंगांचा तो वास अजून कुठे आला की मी जागच्या जागी थांबते.

या सणाची मुळं पवित्र शास्त्रात आहेत. इस्राएल लोकांनी पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणावी, पहिलं फळ टोपलीत घालून वेदीपुढे ठेवावं, शेताचे कानेकोपरे कापू नयेत, कापणीत मागे राहिलेला सरवा गोरगरिबांसाठी सोडावा, असं मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलं आहे. आमच्या पाळकसाहेबांचं या दिवशीचं प्रवचन बहुतेक वेळा रूथवर असायचं. बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी ती परदेशी विधवा. पाळकसाहेब 'सरवा' म्हणाले की बायकांच्या बाजूला एक हालचाल व्हायची. आजी तर मान खाली घालायची. तिने लहानपणी लोकांच्या शेतात सरवा वेचला होता. आमच्या आजी-पणजोबांच्या पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्या, दुसऱ्याच्या खळ्यावर उभं राहून मिळेल ते बलुतं पदरात घेणाऱ्या. त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या चार एकरातली बाजरी डोक्यावर घेऊन देवासमोर यावं, ही गोष्ट केवढी आहे, ते मला फार उशिरा कळलं. आजीला ते रोजच माहीत होतं. म्हणून काढणीच्या वेळी ती बांधालगतची एक ओळ उभीच ठेवायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "कुणीतरी येईल वेचायला."

गाणी टाळ, पेटी आणि तबल्यावर. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक राहुरीला राहिले होते, आमच्या पंचक्रोशीतच म्हणा ना, आणि ख्रिस्ताची भक्ती मराठी मातीच्या चालीवर करता येते हे त्यांनी आमच्या लोकांना दाखवून दिलं. त्यामुळे आमची उपासना परक्या घरातली कधी वाटली नाही. निरक्षर म्हाताऱ्यासुद्धा डोळे मिटून अभंग पूर्ण म्हणायच्या.

उपासना झाली की अंगणात लिलाव. पंचांपैकी एक निवृत्त मास्तर खुर्चीवर उभे राहून पुकारायचे. भोपळा, कोंबडी, गुळाची ढेप, सगळं एक वार, दोन वार, तीन वार. एका वर्षीचा प्रसंग माझ्या मनात कोरला गेला आहे. वस्तीच्या टोकाला एक विधवा बाई राहायच्या, त्यांना आम्ही काकू म्हणायचो. त्यांनी एक अंडं आणलं होतं, एकच. लिलावात ते एक रुपयाला गेलं. ज्याने घेतलं त्याने ते परत मास्तरांच्या हातात दिलं, "देवाला अर्पण." पुन्हा पुकारा झाला, पाच रुपये. तेही परत. मग अकरा, मग एकवीस. शेवटी मंडळीच्या तरुण संघातल्या एका पोराने एकतीसला घेऊन ते काकूंच्याच नातवाच्या हातात ठेवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. मला तो एक खेळ वाटला होता. घरी जाताना मी बाबांना विचारलं, एका अंड्याला एवढे पैसे का दिले? बाबा म्हणाले, "दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट बाईंनी शिकवली ना शब्बाथ शाळेत? आज तू ती बघितलीस." शब्बाथ शाळा म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, आणि टोल्या म्हणजे अगदी हलकी नाणी; त्या विधवेजवळ तेवढंच होतं. मग बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी सगळ्यांत महाग वस्तू कोणाची ठरली, हे गावाने ठरवून, न बोलता केलं होतं. काकू घरी जाताना पदर नीट डोक्यावर घेऊन, ताठ चालत गेल्या.

1972 च्या दुष्काळातला सण मी पाहिलेला नाही, पण आजीने इतक्यांदा सांगितला आहे की तोही माझाच झाला आहे. विहिरी आटलेल्या, शेतं पांढरी पडलेली, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनवर लाल मिलो, म्हणजे ज्वारीसारखं धान्य, मिळायचा, कामावर सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाद्य. पंचांची बैठक बसली. हंगामच नाही तर हंगामाचा सण कसला करायचा? काहींचं म्हणणं पडलं की यंदा राहू द्यावा, लोकांना मोकळ्या हाताने यायला लाज वाटेल. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी बैठकीत हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, मग? सण झाला. वेदीच्या पायऱ्यांवर त्या वर्षी बाजरी नव्हती. ओंजळ-ओंजळ लाल मिलो होता, कागदाच्या पुड्यांत बांधलेली सुकडी होती, आणि कोणीतरी पाण्याने भरलेला एक तांब्या आणून ठेवला होता. आजी सांगायची, त्या तांब्याकडे बघून सगळी मंडळी रडली. लिलाव झाला नाही. जे जमलं ते ज्या घरात चूल पेटली नव्हती तिथे संध्याकाळी पोचलं.

आता तेराव्या अध्यायाचं सांगते.

उन्हाळ्यात, परीक्षा संपल्यावर, शब्बाथ शाळेचं वार्षिक संमेलन असायचं. अंगणात मांडव, नाट्यछटा, कृतिगीतं, आणि पाठांतर. पाठांतरात पहिला येणाऱ्याला नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मिळायचा, म्हणून सगळ्यांची चढाओढ. पाचवीत असताना बाईंनी मला करिंथकरांस पहिले पत्र, तेरावा अध्याय दिला. प्रीतीचा अध्याय. तेरा ओव्या. मी चुलीपाशी, न्हाणीत, शेळ्या राखताना, सगळीकडे तो म्हणून काढला होता.

त्या सुमारास आमचं शेजारच्या घराशी बोलणं बंद होतं. बांधावरच्या एका बाभळीवरून सुरू झालेलं भांडण. आईचं आणि शेजारच्या मावशींचं पाणी भरायलासुद्धा एका वेळी जाणं होत नसे. दोन वर्षं झाली होती. दोघी एकाच मंडळीत, एकाच बाजूच्या सतरंजीवर, पण मध्ये चार बायका ठेवून बसायच्या.

संमेलनाच्या दिवशी मी उभी राहिले. पहिल्या चार ओव्या भराभर गेल्या. पाचवीत, प्रीती स्वार्थ पाहत नाही, चिडत नाही, इथपर्यंत आले आणि पुढचं पुसून गेलं. समोर एवढी माणसं, मांडवातला उकाडा, माझी जीभ टाळूला चिकटली. बाई ओठ हलवत होत्या पण मला दिसेना. तेवढ्यात बायकांच्या बाजूने स्पष्ट आवाज आला, "अपकार स्मरत नाही." आवाज मावशींचा होता. मी ते शब्द उचलले आणि शेवटपर्यंत गेले. खाली बसताना पाहिलं, तर आई समोर बघत होती आणि मावशी जमिनीकडे.

त्या दिवशी समेट वगैरे काही झाला नाही. जेवणाच्या पंगतीतही दोघी लांबच बसल्या. मोठ्या माणसांच्या मनाला वेळ लागतो. पण आईने त्यानंतर मावशींबद्दल घरात वाईट बोललेलं मला आठवत नाही.

पुढचा हंगामाचा सण आला. आई टोपली डोक्यावर घेऊन निघाली, आम्ही मागे. चर्चच्या पायरीशी आई थांबली. तिने टोपली खाली ठेवली, मला म्हणाली, "इथे उभी राहा, लक्ष ठेव," आणि आल्या वाटेने परत गेली. घंटेचा दुसरा ठोका झाला, लोक आत जाऊ लागले, आजीही गेली. मी टोपलीपाशी उभी. मला वाटलं काहीतरी विसरली असेल. बऱ्याच वेळाने वळणावर आई दिसली आणि तिच्याबरोबर मावशी. मावशींच्या टोपलीत गवार आणि दोन भोपळे होते आणि टोपलीचा एक कान आईने धरला होता. दोघींचे डोळे लाल होते. उशीर झाला होता, पहिलं गीत सुरू झालेलं, त्या दोघी टोपल्या घेऊन सगळ्यांसमोरून पुढे गेल्या. वेदीजवळ अर्पण आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे प्रभूचं वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मी पुढे कितीतरी वेळा वाचलं. पण ते माझ्यापुढे उभं राहतं ते नेहमी त्या पायरीवरच्या टोपलीसकट.

वर्ष संपताना, 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, ताटात वचनांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असायच्या. प्रत्येकाने एक उचलायची. बाबांना एका वर्षी गलतीकरांस पत्रातलं वचन आलं, चांगलं करण्याचा कंटाळा करू नये, खचलो नाही तर योग्य वेळी पदरी पीक पडेल. त्याच वर्षी त्यांनी कर्ज काढून विहीर खोदली होती. कोरडी निघाली. पुढच्या वर्षी आणखी खाली गेले, तरी कोरडीच. बाबांनी मग एका वसतिगृहावर रात्रपाळीची राखण धरली आणि आम्हा चौघांना शिकवलं. ती चिठ्ठी त्यांनी ट्रंकेच्या झाकणाला आतून खळीने चिकटवून ठेवली होती. विहिरीला पाणी काही लागलं नाही. बाबा गेल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा चिठ्ठीवरची शाई उडाली होती आणि त्यांनी ती अक्षरं पेनाने पुन्हा गिरवलेली होती. एकदा नव्हे, वेगवेगळ्या शाईने दोन-तीनदा.

लग्नानंतर मी पिंपरीला आले. इथल्या मंडळीतही हंगामाचा सण होतो. लोक तांदळाच्या पिशव्या, तेलाचे पुडे, बिस्किटं आणतात, आणि ते सगळं अनाथाश्रमाला जातं. चांगलं काम आहे, मी मनापासून करते. माझ्या मुलीला मी दर वर्षी किराण्यातलं पहिलं सामान बाजूला काढायला लावते, कणगी नसली म्हणून काय झालं. शहरात थकून जायला होतं, कामावर कोणाचा तरी शब्द लागतो, रविवारी सकाळी उठवत नाही. इब्री लोकांस पत्रात म्हटलं आहे की आपलं एकत्र मिळणं सोडू नका, एकमेकांना उत्तेजन द्या. ते वाचलं की मला मांडवातला तो आवाज ऐकू येतो, आणि मी उठून साडी नेसते.

गेल्या वर्षी सणाला गावी गेले. आई आता नाही. मावशी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, कान कमी झालेत, दाराशी खुर्चीवर बसून असतात. मी "प्रभूच्या नावात सलाम, मावशी" म्हणून वाकले. त्यांनी माझा चेहरा हातांनी चाचपला आणि विचारलं, "पाठ आहे का गं अजून?" मी त्यांच्या कानाशी वाकून अध्याय म्हणायला लागले. त्या ओठ हलवत माझ्याबरोबर येत होत्या. पाचव्या ओवीत, चिडत नाही, इथे आल्यावर त्या थांबल्या. माझा हात घट्ट धरला आणि मी पुढचे शब्द म्हणण्याची वाट बघत राहिल्या.