तेल पुसलं म्हणून रागावलेली मावशी

मी गंगापूर रोडवरच्या एका हाडांच्या क्लिनिकमधे मसाज थेरपिस्ट आहे, पेशंट लोक मालिशवाला म्हणतात, मला काही वाटत नाही त्याचं. मागच्या ऑक्टोबरची गोष्ट, बाहेर तिघं बसलेले आणि पिंपळगावहून एक मावशी आल्या, मुलगा सोबत, तिकडं द्राक्षबागेत गोडी छाटणी चालू, मजूर बागेत सोडून आलेला त्यामुळं सारखा मोबाईल बघत होता.

मावशींचा डावा घोटा बांधावरून घसरून मोडलेला, सहा आठवडे प्लास्टर, ते निघून चारच दिवस झालेले. पोटरी जड झाली म्हणे, गावात दोन दिवस कुणीतरी तेल लावून चोळलं, विटकरीनं शेकलं, तरी फरक नाही. "बाळा, तू चांगला जोर लाव," झोपल्या झोपल्याच ऑर्डर. प्लास्टरनंतर पाय सुजतोच, रोज बघतो आम्ही, म्हणून मी फार विचार न करता तळहातावर तेल घेतलं पण. खरं सांगायचं तर घाई होती.

हात टेकवला आणि पोटरी गरम लागली. उजवी गार. नेहमीची सूज संध्याकाळी चढते, रात्री पाय उशीवर ठेवून झोपलं की सकाळी उतरते, म्हणून विचारलं, मावशी सकाळी कमी असते का? "कुठं रे, सकाळी पण तशीच." नडगीवर बोट दाबून धरलं तर खड्डा पडला, तो भरायलाच तयार नाही. मग टेप काढली, गुडघ्याखाली दहा सेंटीमीटरवर दोन्ही पाय मोजले, डावा चार सेंटीमीटरनं जास्त. तीनच्या वर गेलं की आमच्यात कान टवकारतात.

तेल टॉवेलला पुसलं आणि आमच्या डॉक्टर मॅडमना बोलवायला गेलो. मागून आवाज, "अरे तेल वाया घालवलंस की!" मुलगा पण वैतागला, एवढ्या लांबून आणलं आणि हात पण लावत नाही म्हणे. त्याला सांगितलं की शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, चोळलं तर सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, मग तो मोबाईल खिशात गेला. गावात दोन दिवस चोळून झालंय हे आठवून माझ्याच पोटात गोळा आला होता, पण ते बोललो नाही. धाप लागते का, छातीत दुखतं का, मॅडमनी सगळं विचारलं, तसं काही नव्हतं, तरी खुर्चीवरूनच गाडीत बसवलं आणि तडक डॉपलरला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला पाठवलं.

तासाभरात मुलाचा फोन, गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी निघाली, अ‍ॅडमिट करतायत, इंजेक्शन चालू केलं. तो दिवस उरलेले पेशंट मी कसे केले मला नीट आठवत नाही, प्रत्येकाच्या दोन्ही पोटऱ्या चाचपत होतो एवढं आठवतंय, मान आखडलेल्या माणसाच्या पण.

दिवाळीनंतर मावशी मॅडमना दाखवायला आल्या, चालत, रक्त पातळ करायची गोळी चालू. माझ्या खोलीत डोकावून म्हणाल्या, आता तरी चोळशील का रे. म्हणलं नाही मावशी, गोळ्यांचा कोर्स निदान तीन महिन्यांचा, तो संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीच.

"मग तू इथं करतोस तरी काय?"