बर्फाखालची कोळसा खाण तपासताना

हिवाळ्यातल्या पर्यावरण तपासणीचा अहवाल हातात आला की मी आधी ‘दिसलं नाही’ हे शब्द शोधतो. ते कुठेच नसतील आणि प्रत्येक रकान्यात ‘ठीक’ असेल, तर तपासणी गाडीत बसून झाली असं खुशाल समजावं. हातभर हिमाखाली पेरलेलं गवत रुजलंय का, चरातलं दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) शाबूत आहे का, हे कुणालाच सांगता येत नाही. पण त्याच हिमावर काही गोष्टी अशा उमटतात की एरवी त्या शोधायला आठवडा जाईल.

ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचे ढीग उन्हं चढायच्या आत बघून घ्यावेत. सगळीकडे पांढरं आणि मधेच एक काळा, ओला ठिगळ, त्यातून वाफ आणि गंधकाचा वास, म्हणजे आत कोळसा धुमसतोय. उन्हाकडच्या उतारावरचं हिम तसंही वितळतं, म्हणून सावलीतल्या उतारावरचा ठिगळ जास्त बोलका. त्यावर चढू नये, खाली जळून पोकळी झालेली असू शकते. लांबून थर्मल कॅमेऱ्याने टिपून नकाशावर खूण करावी. धुळीसाठी कोळशाच्या साठ्याच्या आणि कन्व्हेअरच्या वाऱ्याखालच्या बाजूला हिमात फावड्याने उभा काप घ्यावा. काळे-पांढरे थर हिम पडल्याच्या तारखांशी जुळवले की धूळ कधी उडाली ते कळतं. आणि नारिंगी बर्फ दिसला की थांबायचंच. भूमिगत खाणीचं पाणी साधारण त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला असतं, त्यामुळे बाहेर सगळं गोठलेलं असतानाही पाझर चालू राहतो आणि लोह मागे ठेवून जातो.

खरी गडबड सेटलिंग पाँडमध्ये, म्हणजे खाणीच्या पाण्यातला गाळ खाली बसवणाऱ्या तळ्यात असते. पाण्याची चिकटता २० अंशांना जेवढी, त्याच्या सुमारे १.८ पट ० अंशांजवळ होते, म्हणजे बारीक कणाला तळ गाठायला तेवढाच जास्त वेळ हवा. नेमका तोच वेळ हिवाळ्यात कमी पडतो. अर्धा हेक्टर पाँडवर ३० सेंटिमीटर जाड थर म्हणजे १,५०० घनमीटर बर्फ, आणि तेवढी जागा गाळ बसण्याच्या कामातून बाद. उरलेलं पाणी बर्फाखालच्या अरुंद वाटेने थेट निकासाकडे पळतं. त्यात निकासाच्या उभ्या पाइपाची जाळी बर्फाने बुजलेली आणि आपत्कालीन सांडवा हिम हटवणाऱ्या यंत्राने ढकललेल्या हिमाने भरलेला असेल, तर वितळीच्या दिवशी पाणी बांधावरून जायला मोकळं. सांडवा रिकामा आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ‘ठीक’ लिहू नये. पाँडवर पाय मात्र ठेवायचा नाही. पातळी खाली गेली की बर्फाखाली पोकळी उरते, शिवाय खाणीच्या कोमट, क्षारयुक्त पाण्याने तो खालून खंगलेला असतो.

प्रवाह मोजताना वी-नॉचवर (पाणी मोजायच्या इंग्रजी ‘V’ आकाराच्या खाचेवर) विश्वास टाकण्याआधी कडा बर्फमुक्त कराव्यात. ९० अंशी नॉचमध्ये १० सेंटिमीटर उंचीला सेकंदाला सुमारे ४.४ लिटर येतात आणि १२ सेंटिमीटरला ६.९. म्हणजे नॉचच्या तळाशी बर्फ धरून पाणी २ सेंटिमीटर वर चढलं, तर आकडा दीडपटीहून जास्त फुगतो. लहान प्रवाहाला बादली आणि स्टॉपवॉच बरं.

पीएच मीटर कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा. बफर सोल्युशन (ठराविक पीएचचा द्राव) नमुन्याच्या तापमानाजवळ आणून कॅलिब्रेट करावं आणि त्या तापमानाची किंमत बाटलीवरच्या तक्त्यातून घ्यावी. २५ अंशांना ७.०० असलेला बफर ० अंशांजवळ ७.१ च्या आसपास असतो. थंडीत प्रोब सुस्तावतो, आकडा स्थिर होईपर्यंत धीर धरावा. नमुने ६ अंशांखाली हवेत पण गोठता कामा नयेत. गोठून वितळलेल्या पाण्यात बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि टीएसएसचा (पाण्यात तरंगणाऱ्या घन कणांचा) आकडा निरुपयोगी होतो. त्यामुळे कूलरचं काम उलटं होतं: नमुना नुसता गार ठेवायचा नसतो, गोठण्यापासून वाचवायचा असतो.

खाणीच्या पाण्याच्या प्रक्रिया केंद्रात कॉस्टिक सोडा घालून पाण्याचा पीएच चढवतात. तिथे एक प्रश्न हमखास विचारावा: कॉस्टिक किती टक्क्यांचं? ५० टक्के कॉस्टिक सोडा साधारण १२ अंशांनाच गोठायला लागतो. म्हणून थंडीत २० टक्क्यांचा द्राव वापरतात, तो उणे २५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. पण त्यात लिटरमागे सोडा एक तृतीयांशच. टाकी बदलली आणि डोझिंग पंपाची (मापून द्राव सोडणाऱ्या पंपाची) सेटिंग तीच राहिली, तर पीएच गडगडतो आणि विरघळलेलं मँगनीज तसंच बाहेर जातं. पंपाची नोंदवही आणि टाकी भरल्याची तारीख शेजारी ठेवून बघावी.

डिझेल टाकीभोवतीच्या, गळती अडवणाऱ्या कठड्याचा हिशोब कुणी करत नाही. २०,००० लिटरची टाकी, ११० टक्क्यांच्या नियमाने २२,००० लिटरचा कठडा, तळ २० चौरस मीटर. तळाशी १० सेंटिमीटर बर्फ साचला की २,००० लिटर गेले, म्हणजे ज्यादा धरलेली सगळी जागा संपली.

हॉल रोडवर, म्हणजे खाणीच्या डंपरांच्या रस्त्यावर, धुळीसाठी पाणी मारलं तर घसरगुंडी होते, म्हणून क्लोराइड क्षार मारतात. मग खालच्या ओढ्याची वाहकता (विरघळलेल्या क्षारांची खूण) चढली तर सगळा दोष खाणीच्या पाण्याला देऊ नये. रस्त्यावरून ढकललेलं काळं हिम मात्र पाँडच्या पाणलोटाबाहेर टाकलेलं नाही ना, हे नकाशा हातात धरूनच तपासावं.

वॉशरीच्या (कोळसा धुण्याच्या कारखान्याच्या) टाकाऊ मालाच्या बांधावर सगळ्यात जास्त वेळ पायथ्याशी घालवावा. पायथ्याच्या निचऱ्याचं तोंड गोठलं की पाणी आत तुंबतं आणि बांधातली पाण्याची पातळी वर सरकते. कोरडा दिसणारा पायथा हिवाळ्यात शुभ मानू नये. पायझोमीटरमध्येही (बांधातली पाण्याची पातळी मोजायच्या नळीत) बर्फाचं बूच बसतं आणि मापपट्टी त्यालाच पाणी समजते. फडक्याने पुसलेलं वजन आत सोडून ते खरंच ओलं होतंय का बघावं. गोठलेल्या ढेकळांचा थर रोलरखाली दबत नाही, वितळल्यावर पोकळ्या सोडतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकचा टाकाऊ मालाचा बांध २६ फेब्रुवारी १९७२ ला पावसानंतर फुटला आणि १२५ माणसं गेली. चारच दिवस आधीच्या तपासणीत तो समाधानकारक ठरला होता.

‘दिसलं नाही’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे पुन्हा येण्याची वेळ लिहावी: पहिली मोठी वितळ. ढिगांवर हिवाळाभर साचलेले क्षार याच पाण्याबरोबर निघतात. वितळीचा प्रवाह दुपारनंतर चढतो, सकाळी दहाला घेतलेला नमुना फक्त निवांत पाणी दाखवतो. एक नमुना सकाळी घ्यावा, एक दुपारी तीनच्या सुमारास आणि एक अंधार पडण्याआधी.