तुम्ही विचारलंत म्हणून: माहीत असलेले विष औषधात पुन्हा येतेच कसे?

मी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो. त्यामुळे खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्याची बातमी आली की शेजारपाजारचे लोक, विशेषतः लहान मुलांचे आईवडील, मला हटकून विचारतात, "हे विष तुम्हा लोकांना माहीत आहे ना, मग ते औषधात पुन्हा येतेच कसे?" हे विष म्हणजे डायइथिलीन ग्लायकॉल, कारखान्यांत वापरला जाणारा एक द्रव. प्रश्न रास्त आहे, आणि भ्रष्टाचाराकडे बोट दाखवून त्याचे उत्तर पुरे होत नाही असे मला वाटते.

वैद्यक विषबाधेतून शिकत नाही, असे मुळीच नाही. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत निकामी होते हे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 1966 साली नोंदवले. या औषधाचा थोडा भाग यकृतात एका घातक पदार्थात बदलतो, एरवी ग्लुटाथायोन हे यकृतातलेच संरक्षक रसायन त्याला निष्प्रभ करते, पण मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचाच साठा संपतो, ही क्रिया पुढच्या सातआठ वर्षांत उलगडली. आणि तो साठा भरून काढणारे एन-ॲसिटिलसिस्टीन एडिंबरामध्ये 1970 च्या दशकात वापरात आले. पहिल्या आठ तासांत ते दिले तर यकृत बहुधा वाचते. इथे रुग्ण, विष आणि उतारा ही तिन्ही डॉक्टरांच्या नजरेसमोर होती, म्हणून शिकणे लवकर झाले.

डायइथिलीन ग्लायकॉलची गोष्ट वेगळी आहे. 1937 साली अमेरिकेतल्या मॅसेनगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध पातळ स्वरूपात आणायचे ठरवले आणि त्यासाठी द्रावक म्हणून हा पदार्थ वापरला. चव, वास आणि रंग तपासले गेले. ते पोटात गेल्यावर काय होते हे तपासले गेले नाही, कारण तशी सक्ती करणारा कायदाच नव्हता. 105 माणसे मेली आणि त्यांतली 34 मुले होती. सरकारला माल जप्त करता आला तोही लेबल चुकीचे आहे, एवढ्याच मुद्द्यावर. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा केला आणि विक्रीआधी औषधाची सुरक्षितता दाखवणे बंधनकारक झाले. यात एक बारकावा आहे, जो विद्यार्थ्यांच्या हमखास निसटतो: सल्फानिलामाइडचा दोष नव्हता, मारले ते द्रावकाने. औषधाचा गुण आणि मात्रा पाहण्याची आम्हाला सवय असते, पण ते ज्यात विरघळवले त्याकडे कोणी पाहत नाही.

ते आपल्या शहरातही पाहिले गेले नाही. 1986 च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरीन तोंडावाटे देण्याची तेव्हा पद्धत होती, म्हणजे उपचार शास्त्राला धरूनच होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि तिचा रोख केवळ पुरवठादारावर न थांबता रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत गेला. 1937 पासून पाठ्यपुस्तकात असलेले विष जवळजवळ अर्धशतकानंतर भायखळ्याच्या वॉर्डात पोचले, ते कोणाला माहीत नव्हते म्हणून नव्हे. ज्याला माहीत होते त्याने पिंप उघडले नव्हते आणि ज्याने उघडले त्याच्याकडे तपासणीची साधने किंवा सक्ती नव्हती.

ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर असतात, त्यामुळे डोळ्यांनी किंवा जिभेने फरक कळत नाही; तो क्रोमॅटोग्राफीसारख्या, मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीनेच कळतो. औद्योगिक दर्जाचा माल स्वस्त असतो, तो दलालांच्या हातून फिरतो, आणि सोबतचा कागद पिंपापेक्षा जास्त विश्वासार्ह मानला जातो. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया या देशात सुमारे 70 मुलांच्या मृत्यूंशी भारतात बनलेल्या सिरपांचा संबंध जोडला गेला. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपने 20 हून अधिक मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर उपचार आपल्या नागपुरात चालले होते. त्या सिरपमध्ये या विषाचे प्रमाण 48.6 टक्के निघाले, जेव्हा मर्यादा आहे 0.1 टक्का. एवढ्या फरकाला भेसळ म्हणणे मला सौम्य वाटते.

डॉक्टरांच्या हाती काय उरते, असे कोणी विचारले तर मी पनामाचे उदाहरण देतो. तिथे 2006 मध्ये रुग्णांची लघवी अचानक बंद होऊ लागली, काहींना अर्धांगासारखी लक्षणे दिसली, आणि संशय रक्तदाबाच्या लिसिनोप्रिल या गोळीवर गेला, कारण बरेच जण ती घेत होते. गोळी निर्दोष निघाली. मात्र लिसिनोप्रिलने कोरडा खोकला होऊ शकतो, आणि त्या खोकल्यासाठी लोक सरकारी साखरविरहित सिरप पीत होते. विष त्यात होते. म्हणून मूत्रपिंडाचा आधीचा आजार नसताना लघवी थांबलेला रुग्ण समोर आला तर आठवड्याभरात पोटात गेलेली प्रत्येक बाटली घरून मागवावी, ती धुऊ न देता बॅच क्रमांकासह जपावी आणि असा दुसरा रुग्ण आसपास आहे का ते त्याच दिवशी विचारावे. विषाचे यकृतात होणारे रूपांतर रोखणारे फोमेपिझोल लवकर दिले तरच उपयोगी पडते. मूत्रपिंडे बंद पडल्यावर बहुधा डायलिसिसवरच भिस्त राहते, आणि तेही पुष्कळदा अपुरे पडते.