सुईची जायची-यायची वाट

मंगळवार

कसुती, म्हणजे कर्नाटकातलं धारवाडकडचं धागे मोजून करायचं भरतकाम, मी ज्यांच्याकडून शिकते त्या अक्का कापड हातात घेतात ते आधी उलटं करून. सुलट बाजू नंतर बघतात, तीही ओझरती. कसुतीच्या चार टाक्यांपैकी गवंती टाक्याचा नियमच तसा आहे: दोन्ही अंगांनी नक्षी सारखीच दिसली पाहिजे आणि गाठ कुठेही मारायची नाही. सुरुवातीचं टोक आणि संपतानाचं टोक, दोन्ही टाक्यांमध्येच जिरवायची.

टाका म्हणाल तर साधा धावदोरा. चार धागे वर, चार धागे खाली असं मोजत पुढे जायचं, मागे तुटक रेघ राहते. शेवटाला पोचलं की त्याच भोकांतून परत फिरायचं आणि सुटलेल्या जागा भरत यायचं. परतीच्या वाटेवर खरा हात लागतो. आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने सुई बाहेर काढायची आणि पुढच्या टाक्याच्या खालच्या अंगाने आत घालायची. सगळीकडे हेच पाळलं तर रेघ सलग बसते. अंग बदललं की रेघ लगेच दातेरी होते, आणि ते दुरूनही दिसतं.

बाकीचे तीन टाके म्हणजे मुरगी, नेगी आणि मेंथी. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी चढते, तीही दोन्ही बाजूंनी सारखी. नेगी विणकामासारखी दिसते. मेंथी फुल्यांची, भरीव, दोरा खाणारी. मला मात्र गवंतीनंच धरून ठेवलंय.

गुरुवार

आज गोपुराला हात घातला. कापडावर खडू नाही, पेन्सिल नाही, ठसा नाही. गोपुर, पालखी, रथ, हत्ती, नंदी, मोर, तुळशीवृंदावन, सगळं धागे मोजून उतरवायचं. रेशमाची वीण इतकी बारीक की धागे मोजताच येत नाहीत. तिथे वरून मॅटीचा, म्हणजे धागे मोजता येतील अशा जाड विणीच्या कापडाचा, तुकडा टाचतात, त्याची घरं मोजून भरतात आणि काम झालं की मॅटीचा एकेक धागा ओढून काढून टाकतात. खाली नुसती नक्षी राहते. हे काढून टाकण्याचं काम बघत राहावंसं वाटतं.

हिमाचलमधल्या चंब्याचा रुमालही दोन्ही बाजूंनी सारखा भरतात, पण तिथे आकृती आधी चितारी रेखून द्यायचे आणि मग बायका भरायच्या. पंजाबची फुलकारी कापडाच्या उलट बाजूने, धागे मोजून भरतात. कसुतीत रेखणारा वेगळा कोणी नाही. भरणारीच्या डोक्यात जे असेल ते, आणि तिथून थेट सुईच्या टोकाला.

गोपुर अवघड आहे ते फांद्यांमुळे. पायाची रेघ सरळ जाते, पण मध्येच कळस वर निघतो, बाजूला कमान फुटते. ती फांदी जाताना घ्यायची की येताना? जाताना घेतली तर तिच्या टोकापर्यंत जाऊन, परत मुळाशी येऊन मगच पुढे सरकायचं. येतानासाठी ठेवली तर तिची जागा ध्यानात ठेवायची. नक्षीतली प्रत्येक रेघ दोनदा चालायची असते, एकदा जाताना, एकदा येताना, म्हणून दोरा फिरून फिरून निघाला तिथेच येतो. रेघा एकमेकींना जोडलेल्या असल्या की कितीही गुंतागुंतीची नक्षी अशी एका वाटेने पुरी होते. अक्कांना कागद लागत नाही. “आधी डावीकडचं उरकून घे, मग वर चढ,” एवढंच म्हणतात. ही वाट त्यांच्या सासूबाईंनी त्यांना अशीच बोलून बोलून शिकवली.

रविवार

आपल्याकडे इरकल नेसणारी बाई दर गावात भेटते. ते लुगडं बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं, आणि खण त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. इरकलीचं अंग वेगळं, पदर वेगळा. दोन्हींचे ताणे फासे घालून जोडलेले असतात. कसुती पूर्वापार या इरकलीवर भरली जाते, मोठी नक्षी पदराजवळ आणि लांब जाल तशी लहान. काळी रेशमी चंद्रकळा कसुतीनं भरून नवरीला देण्याची रीत धारवाडकडे होती. संक्रांतीची चंद्रकळा आपण ओळखतो, पण काळ्यावर लाल, हिरव्या, केशरी दोऱ्यांची पालखी किती झळकते हे तिथली जुनी साडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

गवंतीचा हाच टाका युरोपातही होता. हान्स होल्बाइननं १५३६च्या सुमारास काढलेल्या इंग्लंडच्या जेन सीमोर राणीच्या चित्रात तिच्या बाहीच्या झालरीवर तो स्पष्ट दिसतो, आणि तिकडे टाक्याला नावच त्या चित्रकाराचं पडलं. भरणाऱ्या बायकांचं नाव मात्र ना तिकडे उरलं, ना इकडे. मला याचं वाईट वाटतं.

कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते हवंच होतं. तरी बाजारात मशीनवर भरलेलं गोपुर हुबेहूब मिळतं. पदर उलटून पाहिला की खालच्या बॉबिनचा दोरा दिसतो आणि कळतं. मशीननं चित्र घेतलं, वाट घेतली नाही. फोटो काढून, तक्ते छापून आपणही बहुतेक वेळा तेवढंच जपतो. तक्त्यावर गोपुर असतं, पण कळस जाताना चढायचा की येताना, हे त्यात नसतं, आणि ते सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत.

म्हणून ग्राफ पेपरची वही आणलीय. प्रत्येक नक्षीला दोन पानं: एकावर जाण्याचे बाण लाल शाईनं, दुसऱ्यावर येण्याचे निळ्या शाईनं, फांदी जिथे फुटते तिथे आकडा. अक्का बोलतात, मी बाण काढते. गोपुर उतरवून झालं. रथाच्या चाकांपाशी अक्का स्वतःच थांबल्या, बोट हवेत फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, “सुई दे, हात सांगेल.” उद्या त्या भरणार आणि मी टाक्यामागून टाका लिहून घेणार.