सेंटॉरचा वेव्हर

1984 पासून दोन वर्षं सॅन दिएगोत मी एकच काम केलं. सेंटॉर हा रॉकेटचा वरचा टप्पा स्पेस शटलच्या पोटात घालून सुरक्षितपणे नेता येतो, हे कागदोपत्री सिद्ध करायचं.

गरज खरी होती. गॅलिलिओ या यानाला थेट गुरूकडे धाडायला घन इंधनाचा जोर पुरत नव्हता, द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनच हवा होता. मे 1986 चा मुहूर्त हुकला तर पुढचा तेरा महिन्यांनी. या यानापायी शास्त्रज्ञांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे त्यांची घाई मला कधी खटकली नाही.

सेंटॉरची टाकी मी एकदा हात लावून पाहिली होती. पोलादी पत्रा, एक मिलिमीटरही जाड नाही. आतला दाब गेला की ती फुग्यासारखी बसते. तिच्यात उणे 253 अंशांचा हायड्रोजन, मध्ये एक पडदा, पलीकडे उणे 183 चा ऑक्सिजन. सगळं मिळून सुमारे 20 टन. आणि पुढच्या केबिनमध्ये चार माणसं.

नासाच्या ह्यूस्टनमधल्या सुरक्षा समितीपुढे टप्प्याटप्प्याने जावं लागे. प्रत्येक धोक्याचा एक हझार्ड रिपोर्ट: कारण काय, रोखणार कसं, तपासलं कसं. नियम असा की जिवावर बेतणाऱ्या गोष्टीत दोन बिघाड झाले तरी माणसं वाचली पाहिजेत. माझ्या वाट्याला इंधन बाहेर सोडायच्या झडपा आल्या. चढताना इंजिन बंद पडलं तर शटलला माघारी उतरावं लागणार, आणि भरलेला सेंटॉर घेऊन उतरता येत नाही. म्हणजे उडता उडता, काही मिनिटांत, दोन्ही द्रव बाहेर काढायचे.

माझा रिपोर्ट तीनदा परत आला. एक झडप अडकली तर दुसरी आहे. दुसरीही अडकली तर? त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मागितला. 'जोखीम स्वीकारार्ह' हे शब्द माझे, खालची सहीही माझी. कोणी हात धरून लिहून घेतलं नव्हतं. तारीख जवळ आली होती, एवढंच.

अंतराळवीर सेंटॉरला आपसात 'डेथ स्टार' म्हणत. युलिसिस हे यान नेणाऱ्या मोहिमेचे कमांडर रिक हॉक यांनी जानेवारी 1986 मध्ये आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं होतं, की सुरक्षिततेत तडजोड होते आहे, ज्याला बाहेर पडायचं त्याने पडावं. हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. वाचताना डोळ्यांपुढे माझा तो रकाना आला.

28 जानेवारीला चॅलेंजर हे शटल उडाल्यावर 73 सेकंदांत नष्ट झालं. सेंटॉर त्यात नव्हता, पण 19 जूनला आमचं काम रद्द झालं. गॅलिलिओ 1989 मध्ये घन इंधनावर निघालं, शुक्राला एक आणि पृथ्वीला दोन वळसे घालून 1995 मध्ये गुरूला पोचलं. मधली वर्षं वाया गेली, याचं मलाही वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं.

15 ऑक्टोबर 1997, सॅन दिएगोत रात्रीचे पावणेदोन. कॅसिनी हे यान शनीकडे निघालं, टायटन रॉकेटवर, आणि वरचा टप्पा सेंटॉरच. आत माणूस कोणी नव्हतं. त्या पातळ टाकीचं कौतुक मला त्या रात्री पहिल्यांदा निवांतपणे करता आलं.